भावाचं चालत नाही

तो माझ्यापुढे उभा राहून रक्तपेढीतल्या सिस्टरांशी हुज्जत घालत होता, आणि मला दुकानात परत जायचं होतं. मी तिथे अधूनमधून रक्त द्यायला जायचे. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांना कुणा अनोळखी माणसाचं रक्त चढलं आणि बाबा घरी आले. त्या माणसाचे आभार कुठे मानायचे ते कळेना, म्हणून मी द्यायला लागले ती देतच राहिले.

"सख्खी बहीण आहे माझी," तो म्हणत होता. "ग्रुप जुळतो, मी धडधाकट आहे. मग माझ्या प्लेटलेट्स का नाही चालत?"

"सख्खी आहे म्हणूनच. पुढे तुमचाच बोन मॅरो द्यायचाय ना तिला? आधीच तुमचं रक्त तिच्या अंगात गेलं, तर तिचं शरीर तुमचा मॅरो नाकारू शकतं. भावाचं चालत नाही. बाहेरचं कुणीतरी आणा."

"बाहेरचं कुणीतरी म्हणजे कोण?"

"मी चालेन का?" मी मागून म्हटलं. "निदान रांग तरी पुढे सरकेल."

तो वळला. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली, शर्टाच्या बाहीवर ग्रीसचा डाग. त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की मीच ओशाळले. विनोद करायची ती जागा नव्हती. पण ग्रुप जुळला.

प्लेटलेट्स देणं हे रक्त देण्यापेक्षा बरंच लांबणारं काम. दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, प्लेटलेट्स तिथे राहतात आणि बाकीचं दुसऱ्या हातातून परत येतं. तोवर हात हलवायचे नाहीत. तो शेजारच्या स्टुलावर अवघडून बसला होता.

"तुम्ही वर बहिणीजवळ जा ना," मी म्हटलं.

"तिनेच हाकललंय. म्हणाली, ती बाई एवढं देतेय तर निदान गप्पा तरी मार."

"मग मारा."

त्याने आधी मशीन न्याहाळलं, मग छत. "मी लिफ्ट दुरुस्त करतो," तो अखेर म्हणाला.

"मी समोरच्या दुकानात चष्मे विकते."

"म्हणजे तुम्हाला माणसं नीट दिसत असतील."

"चष्मा लावला तर. आत्ता काढून ठेवलाय. तुम्ही पुसट दिसताय."

"बरंय… आज अंघोळ राहिलीय."

थोड्या वेळाने माझ्या ओठांना मुंग्या यायला लागल्या. मशीनवर असताना होतं तसं. सिस्टरांनी कॅल्शियमची गोळी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "भरवा यांना." लिफ्टचे जाड दोर ओढणारा तो हात माझ्या ओठांपर्यंत आला आणि नेम चुकला. गोळी खाली पडली, दुसरी मागावी लागली. त्याचे कान लाल झालेले मला चष्म्याविनाही दिसले.

पुढे मी पुन्हा पुन्हा जात राहिले. तोही दुकानासमोर घुटमळायला लागला.

"काही नाही… इकडे एक लिफ्ट बंद पडली होती," तो म्हणायचा.

"इकडे सगळी बैठी दुकानं आहेत."

"म्हणूनच सापडली नाही."

मी हसायचे, पण मनात एक किडा वळवळायचा. याला मी हवी आहे की माझ्या प्लेटलेट्स? तो चहा पाजायचा, 'जेवलीस का' विचारायचा, माझ्या साध्या सर्दीने काळजीत पडायचा… आणि दर वेळी वाटायचं, ही काळजी माझी की बहिणीची?

बहिणीला तो बारकी म्हणायचा. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, आणि आवाज मात्र सबंध वॉर्डाला पुरेल एवढा. एकदा तिने मला वर बोलावून घेतलं.

"चष्मेवाली ना तू? ये. माझ्या अंगात निम्मी तूच आहेस." मग भावाकडे डोळे वळवून म्हणाली, "दादाचं नाही चालत. पण वहिनीचं चालतं हं. डॉक्टरांना विचारलंय मी. वहिनी रक्ताची नसते ना."

दादा 'पाणी आणतो' म्हणाला आणि भरलेली बाटली घेऊनच बाहेर पळाला.

बारकीचा आवाज खाली आला. "तो तुला विचारायचा नाही. त्याला वाटतं, तू माझ्याकडे बघून हो म्हणशील."

"आणि मला वाटतं, तो उपकार फेडतोय."

"धन्य आहात दोघं," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

मॅरो द्यायचा दिवस ठरला. त्याच्या आधीच बारकीला ताप भरला. मी काम टाकून धावले, मशीनवर बसले. माझी पिशवी भरली… पण ती वर पोचायच्या आत बारकी गेली.

ती पिशवी दुसऱ्या कुणाला चढवली. "तो माणूस परवा चालत घरी गेला," सिस्टरांनी मला नंतर सांगितलं. मी तिथेच रडले. तो माणूस वाचला याचा आनंद होता, आणि बारकी वाचली नाही याचा रागही. दोन्ही खरं होतं.

तो मात्र पुन्हा दिसला नाही. फोन उचलला नाही, दुकानासमोर आला नाही. मला माझं उत्तर मिळालं, असं मी मनाशी धरलं. प्लेटलेट्स द्यायला मी जातच होते. आई विचारायची, "आता कुणासाठी गं?" मी म्हणायचे, "जो कुणी चालत घरी जाईल त्याच्यासाठी."

मग एका दुपारी मी रक्तपेढीत शिरले, तर माझ्या नेहमीच्या खुर्चीत तो. दोन्ही हातांत सुया. वाळला होता.

"आता चालतं माझं," तो म्हणाला. "आता कुणी अडवत नाही."

मी चष्मा काढून पुसला.

"तिच्यासाठी राखून ठेवलेलं सगळं माझ्यातच राहिलं. कामावर जातो, जेवतो, झोपतो… आणि ते अंगात घेऊन फिरतो. म्हटलं, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

"मला एक फोन करायचा होतास."

"तुला पाहिलं की ती आठवते."

"आणि नाही पाहिलं की?"

त्याने मान वळवली. "मग दोघी आठवता."

मशीन घरघरत होतं. मी स्टूल ओढून बसले.

"तेव्हा विचारलं नाही मी," तो म्हणाला. "तू नाही म्हणाली असतीस तर तिचं काय, ही भीती. आणि हो म्हणाली असतीस, तर ते कुणासाठी, हे मला कधीच कळलं नसतं. आता मला तुझ्याकडून काही नको. प्लेटलेट्स नकोत, काही नको. फक्त तू…"

त्याचे डोळे वाहत होते आणि हात अडकलेले. मी माझ्या ओढणीने त्याचा चेहरा पुसला.

"हो," मी म्हटलं. "आणि हे बारकीसाठी नाही."

मग आम्ही दोघंही तिच्यासाठी रडलो.