लेडीज हँड

गिटार एकच होती आणि तिच्या मानेवर हात दोन पडले. एक हात सुलक्षणाचा, डावा. दुसरा कोणाचा ते बघायला तिला मान चांगलीच वर करावी लागली, कारण त्या हाताचा मालक उंच होता.

"सॉरी," तो म्हणाला. पण हात काही काढला नाही.

"सॉरी," ती म्हणाली. तिनेही नाही काढला.

"आस्ते, आस्ते!" नजीरचाचा गल्ल्यामागून ओरडले. "एकच पीस आहे!"

जळगावच्या जुन्या बाजारपेठेतलं नजीरचाचांचं दुकान म्हणजे बँडवाल्यांचं आणि भजनी मंडळांचं माहेर. पुढे ढोल, झांजा, हार्मोनियमच्या पेट्या आणि मागच्या भिंतीवर चार-सहा गिटारी. त्यातली ही लाल इलेक्ट्रिक गिटार कित्येक महिने तिथेच लटकून होती. शेवटी कंटाळून चाचांनी तिचा फोटो आपल्या स्टेटसवर टाकला, आणि तो बघून सुलक्षणा स्कूटी काढून थेट पिंप्राळ्याहून निघाली होती. अंगात सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे, तोंडाला स्कार्फ. स्कार्फ तिने दुकानात शिरताना सोडला होता. मोजे काढायचंही भान राहिलं नव्हतं.

कारण साधं होतं. सुलक्षणा डावखुरी होती. कात्री, शाळेचा बाक, लॅबमधली चिमट्यांची खोकी, जगातली प्रत्येक वस्तू तिला कायम उलट्या बाजूने भेटली होती. केळीची रोपं तयार करणाऱ्या लॅबमध्ये दिवसभर काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी गच्चीवर मामांची जुनी, जाड मानेची गिटार तारा उलट्या लावून शिकायची, असं तिचं चाललं होतं. ही लाल गिटार मात्र फोटोतही ओळखू येत होती. ती तिच्या बाजूने बनवलेली होती! असं काही असतं, हेच तिला आत्ता कळलं होतं. ती हातची जाऊ द्यायची नाही, हे तिने वाटेतच ठरवलं होतं.

"मी फोनवर सांगून ठेवलंय," तो उंच मुलगा म्हणाला. "धुळ्याहून आलोय मी."

"मीही पिंप्राळ्याहून आलेय," ती म्हणाली. पिंप्राळा म्हणजे जळगावातच. पण तिने ते असं सांगितलं, जणू वाटेत दोन जिल्हे लागतात.

त्याला हसू आलं. ते त्याने दाबलं, पण डोळ्यांतलं राहिलंच.

"बेटा, फोनवर तुला हां म्हटलं खरं," चाचा मध्ये पडले, "पण तू जेंट्स! ही लेडीज हँड आहे. कंपनीने खास लेडीजसाठी बनवली. खोक्यावर लिहिलंय ना, एल एच!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"चाचा..." सुलक्षणा शक्य तितक्या हळू म्हणाली, "एल एच म्हणजे लेफ्ट हँड."

चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! म्हणून सगळ्या पोरी हातात घ्यायच्या आणि तोंड वाकडं करून परत ठेवायच्या! मला वाटलं, रंग पसंत नाही."

आता मात्र दोघंही खळखळून हसले. त्याचं हसणं उंचीला शोभत नव्हतं. अगदी शाळकरी पोराचं होतं. सुलक्षणाने ते नको तेवढ्या लक्षपूर्वक ऐकलं.

"आधी आवाज तर ऐका," म्हणत चाचांनी वायर लावली, स्पीकरचं बटण दाबलं— आणि लाईट गेली.

मग काय! लाईट आल्याशिवाय आवाज कळणार नव्हता, आणि आवाज कळल्याशिवाय दोघांपैकी एकही जागचा हलणार नव्हता. चाचांनी समोरच्या टपरीवरून दोन चहा आणून दिले, "नमाज पढून येतो, दुकानावर लक्ष ठेवा," म्हणाले आणि टोपी नीट करत निघून गेले. मागच्या अंधाऱ्या भागात दोन स्टुलं, वाफाळता चहा आणि मध्ये ती लाल गिटार. थंडीचे दिवस होते. दारातून येणारं ऊन झांजांवर पडून थोडंसं आत सांडत होतं.

"मी अमृत," तो म्हणाला.

"सुलक्षणा." तिने चहासाठी मोजे काढले आणि डाव्या हाताने ग्लास उचलला.

त्याने उचलला उजव्या हाताने.

तिच्या लक्षात यायला एवढं पुरे होतं. मग ती बघतच राहिली. केस मागे सारले, उजवा. मोबाईल काढला, उजवा. स्टूल पुढे ओढलं, तेही उजव्यानेच. हा डावखुरा नाहीच! मग डाव्या हाताच्या गिटारीसाठी धुळ्याहून इथवर कशाला आला?

"एक विचारू?"

"विचारा ना."

"तुम्ही डावखुरे नाही."

चोरी पकडली गेल्यासारखा तो ग्लासाकडे बघत राहिला. "नाही..."

"मग ही कशाला हवी?"

"लांबण आहे त्याची."

"लाईट तरी कुठे आलीये?"

तो हसला. "मी एक्सरे काढतो. धुळ्याला. दिवसभर लोकांना सांगतो— डावा हात वर, उजवा खाली, श्वास धरा. डाव्या-उजव्याची चूक माझ्याकडून आजवर झाली नाही. आणि गिटार शिकलो तर बठ्ठी, सगळीच उलटी!"

"कोणी शिकवली अशी?"

"सांगून कळणार नाही. वाजवून दाखवतो."

त्याने गिटार मांडीवर घेतली, खरोखरच डावखुऱ्यासारखी. बिनलाईटची इलेक्ट्रिक गिटार किती कोवळ्या आवाजात वाजते! ऐकायला तिला पुढे वाकावं लागलं, इतकं की त्याच्या स्वेटरला लागलेला साबणाचा वास तिला आला.

आणि मग ती दचकली.

ती धून तिची होती. तिने स्वतः, गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून जुळवलेली. तीच चढण, तेच वळण... आणि पुढे, जिथे मामांच्या जाड गिटारीवर तिची करंगळी तारेपर्यंत पोचायची नाही आणि तिला थांबावं लागायचं, तिथेच तोही थांबला. अगदी तेवढंच. मग पुढे निघाला.

"तिथे... थांबलात का?" तिने विचारलं.

"तिथे थांबायचंच असतं," तो अगदी खात्रीने म्हणाला. "ती थांबते."

"ती कोण?"

"नाव माहीत नाही. 'उलटी बोटं' म्हणून एक जण व्हिडिओ टाकते. चेहरा दाखवत नाही, नुसते हात. मी पहिल्यापासून तिचंच बघून शिकलो. गिटार अशीच धरतात, असं वाटलं मला! खरं कळलं तोवर बोटं बसून गेली होती." त्याने तारांवर बोट ठेवलं. "तिथे बहुतेक ती श्वास घेते. मला तेवढीच जागा सगळ्यात आवडते."

सुलक्षणाने चहाचा मोठा घोट घेतला. गरम होता. जीभ भाजली.

"आणि शेवट दरवेळी सारखाच," तो रंगात येऊन म्हणाला आणि त्याने बायकी आवाज काढला, "'झालं का वं तुझं टिंगटिंग? मेथी कोण निवडीन मग?' की व्हिडिओ बंद!"

तिची आई! हुबेहूब! जळगावच्या भर बाजारपेठेत एक परका मुलगा तिच्या आईच्या आवाजात बोलत होता. तिला हसूही येत होतं, रडूही येत होतं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"भेटली तर ओळखाल तिला?" तिने विचारलं.

"हातांवरून! दिवसभर हातच बघतो मी. तिच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी तीळ आहे. एक्सरेत तीळ दिसत नाही म्हणा..."

सुलक्षणाने डावा हात मांडीवरच्या स्कार्फखाली घातला तो घातलाच.

सांगावं का? ओठांवर आलं होतं. पण सांगितलं, तर हा लगेच हात जोडेल आणि गिटार पुढे करेल. तिला गिटार हवी होती, गुरुदक्षिणा नको होती. आणि नाही सांगितलं, तर... तर हा असाच धुळ्याला निघून जाईल. स्कार्फखालच्या स्कार्फखाली तिने मोजे चढवले.

"तुम्हीच घ्या ही," अमृत एकाएकी म्हणाला. त्याने गिटार तिच्यापुढे धरली. "तुमचा हात जन्माचा डावा. माझं काय, बदलता येईल. ती भिंतीवरची निळी, साधी उजव्या हाताची घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून शिकतो."

"आणि ती? उलटी बोटं?"

"काही नाही हो. व्हिडिओ लावून एकदा तिच्याबरोबर, तिच्यासारखंच वाजवायचं होतं. तिला कुठे कळणार होतं..."

तो हे हसत म्हणाला. पण निळ्या गिटारीकडे त्याने ज्या नजरेने बघितलं, ती नजर सुलक्षणाला सोसली नाही.

तेवढ्यात लाईट आली. स्पीकर घूंऽऽ करून जागा झाला, चाचाही परतले.

"वाजवून बघा ना," अमृत म्हणाला.

"नको. बांधून द्या, चाचा."

"न वाजवता? आणि... मोजे घालून?"

"थंडी आहे," ती म्हणाली. चाचांच्या दुकानात तेव्हा पंखा फिरत होता.

अमृत डोळे बारीक करून बघत राहिला. दारापर्यंत आला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि नुसतंच "जपून जा" म्हणाला. तीही मान हलवून निघाली. गिटार पाठीवर होती, हवी तीच, तिच्याच बाजूची; तरी शिवाजीनगरच्या पुलापर्यंत येईतो तिला काहीतरी दुकानात विसरल्यासारखं वाटत राहिलं. काय विसरलंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. तो तिला आवडला होता. तिची अडखळण ज्याला श्वास वाटली, असा माणूस आवडणार नाही तर काय!

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिने गच्चीवर टाकीजवळ मोबाईल टेकवला. नेहमीसारखे हात दिसतील एवढाच. मग उठली, मोबाईलखाली वीट सरकवली, पुन्हा बसून बघितलं. हात दिसले, खांदे दिसले, चेहरा दिसला. नाकावर आलेली बटही दिसली. राहू दे, म्हणाली.

तिने वाजवायला सुरुवात केली. नवी गिटार लोण्यासारखी सरकत होती. ती जागा आली... आणि करंगळी अलगद पोचली! थांबायची गरजच उरली नव्हती.

ती थांबली. मुद्दाम.

"इथे मी श्वासबिस काही घेत नव्हते," मोबाईलकडे बघत ती म्हणाली. या व्हिडिओंमध्ये ती पहिल्यांदाच बोलत होती. "करंगळी पोचायची नाही, म्हणून थांबायचे. आता पोचते. पण ती जागा कुणाला तरी आवडते, तर राहू देते."

तिने डावा हात पुढे केला. अंगठ्याच्या बुडाशी तीळ होता.

"मोजे थंडीचे नव्हते. आणि ऐक..." कालपासूनचं 'तुम्ही' कुठे गळून पडलं, तिचं तिलाच कळलं नाही. "माझ्यासारखं वाजवायचा हट्ट सोड. उजव्या हातानेच शिक. तू उजवा, मी डावी. समोरासमोर बसलो तर आरशात बघितल्यासारखं दिसेल. चुकणार नाहीस. फक्त... समोर बसावं लागेल."

"झालं का वं तुझं टिंगटिंग?" खालून आई ओरडली.

सुलक्षणाने व्हिडिओ टाकून दिला आणि मोबाईल पालथा ठेवला. मग सुलटा केला. पुन्हा पालथा ठेवला. मेथीच्या दोन जुड्या निवडून झाल्या, तरी मोबाईल गप्पच. त्याने बघितलाच नसेल. निळी गिटार नवी, कशाला बघेल आता उलट्या हाताचे व्हिडिओ? की बघितला आणि हसला? आपण जरा जास्तच बोललो का... तिसरी जुडी सोडता सोडता तिने तर तो व्हिडिओ काढून टाकायचंही ठरवलं.

आणि मोबाईल थरथरला.

"माय व माय! ती तूच शे का?"

पाठोपाठ दुसरं उत्तर: "हातमोज्यांवरून वाटलंच होतं मला. विचारायची हिंमत नाही झाली."

तिसरं यायला वेळ लागला. सुलक्षणाच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"समोर म्हणजे कुठे बसायचं?"

तिने ओठ चावला. आईकडे एकदा बघितलं. आई पाठमोरी, चुलीवर वांगी भाजण्यात दंग. मग डाव्या अंगठ्याने तिने लिहिलं: "पिंप्राळ्याला. टाकीजवळ. पण आधी एक सांग, मेथी निवडता येते का?"

उत्तर लगेच आलं.

"दोन्ही हातांनी."