ताईंचा तीळ

मशीन आधी ब्लीचने धुतलं होतं की नुसत्या पाण्याने, हे सरांना आज छातीठोकपणे सांगता येत नाही. वय झालं की आठवणी एकमेकींत मिसळतात. पण ती दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं आणि शेजारच्या खुर्चीवर ताई होत्या, एवढं मात्र पक्कं.

सर त्या प्रयोगशाळेचे प्रमुख. निरनिराळ्या दवाखान्यांतले संशोधक तिथे एकाच फ्लो सायटोमीटरवर पाळीपाळीने रक्त तपासत. त्या मशीनमध्ये पेशी एकामागे एक लेझरसमोरून जातात आणि प्रत्येकीचा पडद्यावर एक ठिपका उमटतो. एकाची पाळी संपली की निव्वळ पाणी लावायचं, पडदा कोरा राहिला तरच पुढच्याला बसू द्यायचं, हा तिथला शिरस्ता. नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर चढायचं.

ताई तिथल्या तंत्रज्ञ. धाकटा भाऊ फोनवर ताई, ताई करी, म्हणून सगळी लॅबच त्यांना ताई म्हणू लागली. तुलनेसाठी निरोगी रक्त लागलं की त्याच बाही वर करत. त्यांच्या ठिपक्यांच्या ढगापासून जरा दूर, एक चिमुकला पुंजका नेहमी दिसे.

"ताईंचा तीळ," सर चेष्टेने म्हणत.

"दृष्ट लागू नये म्हणून ठेवलाय," ताई म्हणत.

तो भाऊ रक्ताच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळला होता. ताईंची अस्थिमज्जा जुळत होती. ती घातली की पुढे त्याच्या अंगात ताईंचंच रक्त तयार होणार होतं. दुसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात भरती व्हायच्या होत्या.

त्या दुपारी सरांनी पाणी लावलं. पडद्यावर एक ठिपका आला. मग तीन-चार. मग सरी कोसळाव्यात तसे.

"सर, पाणीच आहे ना?"

"पाणीच आहे."

ढग नव्हताच. ठिपके पडत होते ते फक्त तिळाच्या जागी. रंग लावल्याशिवाय पेशी त्या जागी दिसूच शकत नाही, आणि पाण्यात कसला रंग? सरांनी पाण्याची परीक्षानळी काढून हातात घेतली. पाणी ओढणाऱ्या सुईखाली आता नुसती हवा. ठिपके थांबले नाहीत.

ओल्या लोखंडासारखा वास सुटला होता.

"आई गेली त्याआधी म्हणाली होती…" ताईंचा आवाज खोल गेला. "मी जुळ्यातली. दुसरीने श्वासच घेतला नाही. भावाला हे ठाऊक नाही."

"पोटात असताना जुळ्यांचं रक्त मिसळतं कधीकधी. तिच्या पेशी तुमच्यात…"

"म्हणजे तीळ… ती?"

सरांनी नळी खाली ठेवली. "उद्याचं पुढे ढकलू या. मी डॉक्टरांशी बोलतो."

"काय सांगणार? पाण्यात बाई दिसली म्हणून?" ताई हसायला गेल्या, पण ओठ हलले नाहीत. "तो आज-उद्याचा सोबती आहे, सर. तो जगू दे. रक्त कुणाचं का असेना…"

त्यांनी हे म्हटलं मात्र, पडदा काळा झाला.

भाऊ वाचला. अंगावर मूठभर मांस चढल्यावर तो लॅबमध्ये आला, तेव्हा सरांनी दोघा भावंडांचं रक्त एकापाठोपाठ लावलं. मध्ये पाणीही लावलं. पडदा कोरा. भावाचा सगळा ढग तिळाच्या जागी होता, ताईंचा म्हणावा असा एक ठिपका नाही. आणि ताईंच्या रक्तात तीळ उरला नव्हता.

सर आणि ताई पडद्याकडे बघत राहिले. तेवढ्यात दारातून भावाने हाक मारली, "चल गं धाकटे, किती वेळ?"

"काय म्हणालास?"

"कुठे काय? चल म्हटलं."

त्यानंतर तो त्यांना ताई म्हणाला नाही.

आपलं ऐकण्यात चुकलं असेल, अशी सर कित्येक वर्षं स्वतःची समजूत घालत राहिले. शेवटी ताईंच्या म्हाताऱ्या मावशीची गाठ पडली. बाळंतपणात बहिणीच्या उशाशी तीच होती. सरांनी भीत भीत विचारलं, जुळ्यांतली आधी कोण आली?

"गेली ती," मावशी म्हणाली. "ती थोरली. तुमची ताई धाकटी."