दातांच्या दवाखान्यातली शिंक

"मी आत जाणार नाही! दात माझा आहे, राहू दे की त्याला!" ऋग्वेदने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून जाहीर केलं.

"दात तुझा, पण बोंब आम्हाला ऐकावी लागते," कस्तुरी म्हणाली. "जा मुकाट्याने!"

इंदूरच्या पलासियातल्या त्या दवाखान्यात तिघांना सोडून ऋग्वेदचे बाबा, म्हणजे स्पृहाचे संजीवमामा, शेजारच्या इमारतीतल्या आपल्या ऑफिसात गेले होते. कस्तुरी राजेंद्र नगरमधली शेजारीण; सुट्टी लागल्यापासून हे त्रिकूट कुठेही एकत्रच जायचं. दात काढायलासुद्धा!

ऋग्वेद अखेर आत गेला. कस्तुरी खिदळत होती, पण स्पृहाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती छतातल्या स्पीकरकडे बघत होती.

तिथून फार संथ संगीत झिरपत होतं. जुन्या टीव्ही गेममध्ये खेळाडू पाण्याखाली गेला की मागे एक टुणटुण करणारी धून वाजायची, तीच ही. पण दहापट हळू केलेली. शाईचा थेंब पाण्यात पसरावा तसा एकेक सूर पसरत होता. आणि मध्येच...

"हाऽऽक्छी!"

कस्तुरी दचकली. "कोण शिंकलं?"

खोलीत त्या दोघींशिवाय एक आजोबा होते, आणि ते तर घोरत होते.

"मी," स्पृहा हळूच म्हणाली.

"आत्ता?"

"नाही. तीन वर्षांपूर्वी."

कस्तुरीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही तुला!"

"गंमत नाही करत मी! ही बाबाची धून आहे."

स्पृहाचा बाबा, अच्युत, दिवसा कारखान्यात इंजिनियर होता आणि संध्याकाळी संगीतकार. लहानपणी खेळलेल्या गेममधलं पार्श्वसंगीत घ्यायचं, ते ताणून संथ करायचं, त्यात घरातले आवाज मिसळायचे. कूलरची घरघर, नळाची टपटप, जिन्यावरची पावलं. या रचना तो दुसऱ्याच नावाने नेटवर टाकायचा. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्या लावून अभ्यास करायची, झोपायची. पण शिंकेची धून त्याने कधीच नेटवर टाकली नव्हती. "ही फक्त घरच्यांसाठी," असं तो म्हणायचा.

बाबा गेला त्याला आठ महिने झाले होते. त्याचा कॉम्प्युटर आईने तेव्हापासून उघडला नव्हता. "त्याच्या वाढदिवसाला ऐकू सगळं. त्याआधी माझ्याच्याने नाही होणार," असं ती म्हणाली होती. वाढदिवस रविवारी होता. आज गुरुवार.

मग घरातली धून घराबाहेर आली कशी?

स्पृहा टेबलामागच्या मितालीताईकडे धावली. "ताई, हे संगीत कुठून आणलंत?"

"हे होय? आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करतात ना, मल्हारगंजचे परेशभिया, त्यांनी पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. छान आहे, पण एकच किती दिवस ऐकायचं! भेटलेच तर सांग त्यांना, और भर दो म्हणावं."

स्पृहाने मामाला फोन लावला. "मामा, बाबाचा कॉम्प्युटर माळ्यावरच आहे ना?"

"अगं... तो डबा बंदच पडत आला होता. एप्रिलमध्ये कॉलनीत इलेक्ट्रॉनिक कचरा जमा करायला गाडी आली, तेव्हा दिला मी. ताईला उगाच त्रास नको म्हणून बोललो नाही. पण फोटो, पॉलिसीचे कागद, सगळं कॉपी करून ठेवलंय हं!"

"आणि त्याची गाणी?"

"गाणी कुठे होती? 'ओला कचरा', 'सुका कचरा' अशी दोन फोल्डर होती फक्त. ती कोण ठेवणार?"

स्पृहाला रडू फुटायचंच बाकी होतं. अर्धवट राहिलेल्या रचना बाबा 'ओल्या'त ठेवायचा आणि पूर्ण झालेल्या 'सुक्या'त! सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या इंदूरच्या माणसाने कचऱ्याची विभागणी इतकी मनावर घ्यावी, की नाव वाचूनच फेकून द्यावं?

"मामा, मी मितालीताईकडून दुकानाचा पत्ता घेऊन पाठवते. तू मागून ये!"

"कुठे? खबरदार, हलायचं नाही तिथून—"

फोन बंद झाला होता.

तेवढ्यात ऋग्वेद बाहेर आला. गालात कापसाचा बोळा, तोंड वाकडं. "फाय झाफं?"

"रिक्षात सांगते!" स्पृहा म्हणाली.

मल्हारगंजच्या गल्लीत रिक्षा शिरेना. शेवटचा टप्पा तिघं धावतच गेली. दुकानावर पाटी होती: 'जुन्या हार्डडिस्क घेतो-विकतो. डेटा शंभर टक्के साफ!' आत स्क्रू, तारा आणि उघडे डबे यांचा डोंगर, आणि डोंगरामागे कानावर स्क्रूड्रायव्हर खोचलेला एक गोल चेहऱ्याचा माणूस.

"थेट विचारलं तर कानावर हात ठेवेल," कस्तुरी कुजबुजली. "मला बोलू दे." मग मोठ्याने, "नमस्ते भिया! लोकांच्या डिस्कमध्ये काय काय असतं ते तुम्ही बघत असाल ना?"

"राम राम करो!" परेशभिया दुखावलेच. "अपन कुणाच्या सामानात डोकावत नाही. डिस्क आली की सीधी मशीनमध्ये. पुसली, विकली. पक्का उसूल!"

"वा! आम्हाला दवाखान्यातून मितालीताईंनी पाठवलंय. तुमचं संगीत पेशंटना फार आवडतं. अजून हवंय म्हणाल्या."

"आवडतं ना?" भियांचा चेहरा फुलला. उसूल क्षणात हवेत! त्यांनी लॅपटॉप उघडला. "अरे, खजाना आहे आपल्याकडे. हे बघ..."

पडद्यावर फोल्डर उघडलं. ऋग्वेदने त्याच्या नावावर बोट ठेवलं. "फुका फचरा!"

"सुका कचरा," स्पृहाने वाचलं. "भिया, हे कुठून आलं?"

"ये तो... नेटवरून घेतलं."

"मग ती पाण्याखालची धून लावा. पुढे काय येणार ते मी आधीच सांगते. शिंक येईल. मग टेबलावर कप ठेवल्याचा आवाज. आणि मग कूलर बंद होईल."

भियांनी हसत धून लावली. शिंक आली. कप वाजला. कूलरची घरघर थांबली. भियांचं हसूही थांबलं.

"शिंक माझी आहे. आणि हे सगळं माझ्या बाबाचं आहे."

"अरे बेटा, मग पप्पांना घेऊन ये. मी हात जोडून माफी मागतो. एवढंच संगीत सापडलं, आवडलं, तर ठेवून घेतलं."

"बाबा नाही आता," स्पृहा म्हणाली. "एवढंच नव्हतं त्यात. अर्धवट राहिलेलंही होतं. ते त्या डिस्कमध्येच आहे. कुठे आहे ती?"

परेशभियांनी सावकाश मान वळवली. कोपऱ्यात लोखंडी पेटीसारखं यंत्र घरघरत होतं. आठ खण, आठ डिस्क. दोन खणांवर हिरवा दिवा, सहांवर लाल लुकलुकणारा.

"एप्रिलचा माल, कचरागाडीवाल्यांकडून घेतलेला... आज सकाळीच लावला. हिरवा म्हणजे पुसून झाली. लाल म्हणजे..."

"पुसली जातेय!" कस्तुरी ओरडली. "बंद करा ना सगळं!"

"मेन स्विच ओढला तर फिरत्या डिस्कच खराब होतील! एकेक थांबवावी लागते. एकीला पाच मिनिटं. तोवर बाकीच्या पुसतच राहणार. तुमची कोणती, सांगा! नावं तर नसतात यांच्यावर."

सहा लाल दिवे. चुकीची निवडली तर पाच मिनिटं वाया. आणि आपली हिरव्यातली असली तर? दुकानात फक्त घरघर ऐकू येत होती.

घरघर!

"बाबाला ही घरघर नको असायची!" ती एकदम म्हणाली. "माइकमध्ये यायची ना! म्हणून त्याने डिस्कच्या दोन्ही कडांना रबर लावलं होतं. माझ्या जुन्या सायकलची ट्यूब कापून. कात्री मीच धरली होती! उन्हाळ्यात रबर वितळून डिस्कला चिकटलं होतं. खुणा असतील. टॉर्च दे, ऋग्वेद!"

तिने आधी हिरव्या खणांत उजेड टाकला. पहिला, कोरा. दुसरा... कोरा! तिसरा, चौथा. काहीच नाही. पाचव्या खणात डिस्कच्या कडेला काळा, चिकट पट्टा चमकला.

"पाच! भिया, पाच!"

भियांची बोटं कळफलकावर पळाली. अकरा टक्के. बारा. कोणी श्वास घेईना. ऋग्वेदने तर बोळाच गिळायचा बाकी ठेवला होता. तेरा टक्क्यांवर आकडा थबकला आणि लाल दिवा विझला.

"संपलं का सगळं?" स्पृहाने विचारलं.

"ना बेटा. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली समज. पानं बरीच शिल्लक आहेत. ती गोळा करायचं काम अपना."

भर दुपारी शटर अर्धं ओढून परेशभिया कामाला बसले. मामा घामाघूम होऊन आले ते ओरडायच्या तयारीने. सगळं ऐकल्यावर ते एका खोक्यावर बसले. मग म्हणाले, "स्पृहा, मी विचारायला हवं होतं. तुला नाही, तर ताईला तरी."

पाचच्या सुमारास एकेक फाइल दिसू लागली. चौदा मिळाल्या, काही कायमच्या गेल्या. नावं पुसली होती, आवाज राहिले होते. परेशभियांनी पैसे घेतले नाहीत. उलट आपल्या लॅपटॉपमधला 'सुका कचरा'ही तिला पेनड्राइव्हमध्ये भरून दिला आणि मग तिथली नक्कल स्पृहासमोर पुसली. "चाळीस साल का हो गया, पण आज या तीन पोरांनी शिकवलं," ते मामांना म्हणाले. "मानना पड़ेगा भिया!"

"पोरं आमचीच," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

रविवारी संध्याकाळी बैठकीत सगळे जमले. सारा प्रकार ऐकून आईने आधी तिघांना न सांगता गेल्याबद्दल रागे भरलं, मग तिघांना एकदमच जवळ ओढलं. "यांच्यापेक्षा धीट आणि हुशार आपण कधी होतो का, संजीव?" तिने विचारलं. मामांनी नकारार्थी मान हलवली.

स्पृहाने अर्धवट राहिलेल्यांतली एक फाइल लावली. तीत सूर अजून बसवलेलेच नव्हते. नुसती खोली होती. पंखा, दूरवरचा एक हॉर्न. मग खुर्ची करकरली. पावलं निघाली, दारापर्यंत आली, स्वयंपाकघराकडे वळली.

स्पृहाने पुढची धून लावायला हात नेला.

"थांब," आई म्हणाली. "आता चहा मागेल."

आणि त्याने मागितलाच.