वॉर्डातला मॉनिटर

मॉनिटर दुरुस्त करायला खरं तर दोन माणसं लागतात. एक मागे बसतो, झाकण उघडून मीटरची टोकं आतल्या सर्किटच्या पाटीवर टेकवत जातो. दुसरा पुढे बसून पडद्यावर काय दिसतं ते सांगतो. मागच्याला पडदा दिसत नाही, पुढच्याला पाटी दिसत नाही.

त्याच्या दुकानात एकवीस वर्षं पुढे बायको बसायची. विजेचं तिला काही कळत नव्हतं, पण नजर पक्की होती. हातात टॉर्च धरून ती पडद्याकडे बघत राहायची आणि चित्र उमटलं की म्हणायची, "आलं." विझलं की, "गेलं." कंटाळा आला की त्यात भर घालायची. "आलं, आणि तुमच्यासारखंच फुगून बसलं."

तिला जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून तिच्या स्टुलावर त्याने दाढीचा आरसा टेकवून ठेवला होता. मागे बसल्या बसल्या आरशात पडदा दिसायचा आणि काम निघायचं. शेजारचा चावीवाला एकदा म्हणाला, "एवढा आरसा लावून बसतोस, तर निदान भांग तरी पाडत जा." तो हसला. चावीवाल्याला त्याला हसवायचंच होतं, हे त्याला कळत होतं.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास हॉस्पिटलच्या वॉर्डातली सिस्टर दुकानात आली. चादरीत गुंडाळलेला मॉनिटर तिने काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "काका, ओळखलंत ना?"

न ओळखायला काय झालं? बायको अकरा दिवस त्याच वॉर्डात होती, चार नंबरच्या खाटेवर. सिस्टरच्या टेबलावर हाच मॉनिटर असायचा, खाटांकडे पाठ करून. सिस्टर सांगत होती की ऑफिसात तक्रार केली तर माणूस यायला महिना लागतो, तोवर पेशंटच्या याद्या हाताने लिहून बोटं दुखायला लागली. शेवटी तिला त्याच्या दुकानाची आठवण झाली. संध्याकाळी पाळीवर जाताना पाचला घेऊन जाईन, म्हणाली. तो म्हणाला, होईल. तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं, पण तिची नजर स्टुलावरच्या आरशाकडे गेली आणि ती तशीच निघून गेली.

त्याने बटण दाबलं. पडदा उजळला, दोन सेकंद टिकला आणि काळा झाला.

हा रोग त्याच्या ओळखीचा होता. अशा वेळी लोक म्हणतात, मॉनिटर मेला. मेलेला काही नसतो. पडद्याच्या मागे जो दिवा असतो, तो विझलेला असतो. चित्र तिथेच असतं, अंधारात. टॉर्च तिरपा धरला की ते अंधूक दिसतं. दिवा विझायचं कारणही बहुतेक वेळा एकच असतं. वीज पुरवणाऱ्या पाटीवर नखाएवढ्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात, ते फुगतात. चांगल्याचं डोकं सपाट असतं, गेलेल्याचं वर येतं.

त्याने झाकण उघडलं. तीन फुगलेले होते. साठलेली वीज काढून टाकून त्याने पाटी सोडवली, पहिला कपॅसिटर उपटला, उणं टोक दाखवणाऱ्या पट्टीची बाजू बघून नवा बसवला. पाटी पुन्हा जोडली. टॉर्च चिमट्यात पकडून पडद्यावर तिरपा लावला, मागे येऊन बसला आणि बटण दाबलं.

दोन सेकंद उजेड, मग काळोख. पण आरशात टॉर्चच्या डागाखाली काही रेघा दिसत होत्या. आडव्या, उभ्या. त्याला त्याचं नवल वाटलं नाही. एकच तक्ता वर्षानुवर्षं दाखवला की पडद्यावर त्याची छाप बसते. खाटांच्या यादीची असणार.

दुसरा कपॅसिटर काढायला म्हणून त्याने मॉनिटर बंद केला आणि भिंतीतली पिन ओढून काढली. सहज आरशात पाहिलं. रेघा तशाच होत्या.

पिन त्याच्या हातात होती. त्याने ती एकदा पाहिली, मग उठून पुढे गेला.

त्या रेघा खाटांच्या गजांच्या होत्या. टॉर्चच्या उजेडात तळहाताएवढा वॉर्ड दिसत होता, राखाडी, पाण्याच्या तळाशी पडलेल्या फोटोसारखा. सिस्टरच्या टेबलावरून जसा दिसेल तसा. उघडी खिडकी, औषधांचं कपाट, भिंतीवरचं गोल घड्याळ. घड्याळात चार वाजून बारा मिनिटं झाली होती. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चार वाजून बारा मिनिटं.

त्याने हात पुसले. जे माहीत होतं ते मनाशी मांडून पाहिलं. मॉनिटरमध्ये काही साठवून ठेवायची सोय नसते. तो फक्त दाखवतो, तेही कुणी पाठवलं तर. वायर सुटलेली, पिन सुटलेली, पाटीचे स्क्रू निघालेले. मग त्याने टॉर्च चिमट्यातून काढून हातात घेतला आणि उजेड डावीकडून मोजत नेला. एक, दोन, तीन.

चौथ्या खाटेवर बायको होती.

उशीला टेकून बसली होती. अंगावर तिचा निळा स्वेटर होता, जो तिने शेवटच्या दिवशीच मागून घेतला होता. खाटेजवळची लोखंडी खुर्ची रिकामी होती. ती दाराकडे बघत होती.

त्या दिवशी तो दुपारी दोनला तिथून उठला होता. एका फोटो स्टुडिओचा मॉनिटर अर्धवट उघडून ठेवला होता, तेवढा बंद करून येतो, म्हणाला होता. साडेतीनला तिने फोन केला, तेव्हा म्हणाला, "अर्ध्या तासात पोचतो." पण पाटीवरच्या एका कपॅसिटरचा पाय सुटेना. मग त्याने हट्टाने तो सोडवला, नवा बसवला, तपासून पाहिला. चावीवाला मध्ये चहा घेऊन आला होता, त्याने दोनदा विचारलंही, "जायचंय ना तुला?" पाच वाजून पाच मिनिटांनी दुकानात फोन वाजला. ती पाचला दहा कमी असताना गेली होती.

त्याला आठ महिने एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, की ती शेवटपर्यंत दाराकडे बघत होती का. वॉर्डात जाऊन कुणालाही विचारता आलं असतं. विचारलं नव्हतं, कारण कुणीतरी उत्तर दिलं असतं.

आता तो स्टुलावरचा आरसा बाजूला करून तिथेच बसला आणि बघत राहिला. तिने पाण्याचा पेला उचलला, ओठांना लावून परत ठेवला. स्वेटरचं वरचं बटण लावलं. पुन्हा दाराकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा त्याच्या मनगटावरच्या काट्याबरोबर सरकत होता. चार वीस. साडेचार. बाहेर चावीवाल्याचं यंत्र करकरत होतं. टॉर्च धरलेला हात भरून आला, तर त्याने तो दुसऱ्या हाताने धरला. तो तिच्याशी काहीतरी बोलत होता, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

चार पस्तीसला तिने भुवया चढवल्या.

ही तिची सवय होती. त्याला उशीर झाला की आधी ती भुवया चढवायची आणि मग हसायची.

ती हसली. पाय जवळ घेऊन तिने चादर सारखी केली, कुणाला जागा करून द्यावी तशी.

कुणीतरी आलं होतं.

त्याने टॉर्च खुर्चीकडे वळवला. तिथे उजेड काचेवरून घसरत होता. त्याचाच चेहरा दिसत होता, बाकी काही नाही. त्याने टॉर्च खालून धरला, वरून धरला. खुर्ची जरा सरकल्यासारखी वाटली. तिचे ओठ हलत होते.

एवढ्याशा उजेडात दिसणार नव्हतं. मागचा दिवा लागायला हवा होता. दोन कपॅसिटर राहिले होते, एकेकाला पाच मिनिटं. दोष सापडलेला आहे, तो आधी काढून टाकू, मग नीट बघू. सगळं आयुष्य तो असाच वागत आला होता आणि आत्ताही त्याला यात काही चुकीचं दिसलं नाही.

टॉर्च ठेवून तो मागे जाऊन बसला.

दुसरा पटकन निघाला. तिसऱ्याचा एक पाय निघेना. पाटीचा पत्रा सगळी उष्णता ओढून घेत होता. त्याने कथील जास्त घातलं, तापलेलं सोल्डरिंग आयर्न दाबून धरलं. पुढे बघायचं नाही, बघितलं तर हात हलेल, असं तो स्वतःला बजावत राहिला.

पाय सुटला.

नवा बसवला. पाटी जोडली. पिन लावली. बटण दाबलं.

पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला.

तो धावत पुढे आला. स्वच्छ, एकसारखा निळसर उजेड होता, कुठे डाग नाही, थरथर नाही. मधोमध चौकटीत बारीक अक्षरात लिहून आलं होतं की वायर जोडलेली नाही.

त्याने बटण बंद केलं. पिन काढली. टॉर्च तिरपा धरला. काळी काच.

मनगटावर चार वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती. पाचला दहा कमी असताना तो मागे होता. याही वेळी.

सिस्टर सांगितल्याप्रमाणे पाचला आली. त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडून मॉनिटर चालवून दाखवला. ती खूश झाली. चादर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "दुपारीच बोलणार होते, काका. त्या दिवशी तुमच्यावर ओरडले मी. मनातून जातच नाही."

"कोणत्या दिवशी?"

"शेवटच्या. भेटायची वेळ नव्हती आणि तुम्ही खुर्ची पार खाटेला लावून बसलेले. दोनदा उठा म्हटलं, पण तुम्ही मान वर केली नाहीत. मग मीही सोडून दिलं."

तो म्हणाला, "मी इथे होतो. दुकानात."

गेलेल्यांच्या घरच्यांकडे बघायची सिस्टर लोकांची एक पद्धत असते, तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, असं होतं, माणसाला तो दिवस आठवत नाही. त्याने सांगितलं की त्याला फोन आला होता, इथे, पाच वाजून पाच मिनिटांनी, हवं तर शेजारच्या चावीवाल्याला विचारा.

"हो, मीच तर केला. तुम्ही कुणाला न सांगता उठून गेलात, म्हणून."

त्याने काउंटरची कड धरली. बाहेर चावीवाल्याचं यंत्र थांबलं होतं.

"ती काही बोलली?" त्याने विचारलं.

"काही? अकरा दिवसांत बोलली नव्हती तेवढं बोलली. तुमचा कान धरून तोंडाशी ओढून घेतला होता. श्वास पुरत नव्हता, तरी थांबेना."

"काय बोलत होती?"

"आता ते तुम्हालाच ठाऊक, काका."

सिस्टरने मॉनिटर उचलून कडेवर घेतला आणि दारापाशी थांबली.

"तुम्ही रागावला असाल असं मला वाटलं होतं," ती म्हणाली. "पण जाताना माझ्याकडे बघून हसलात. मला बरं वाटलं."