सुईनं मोजलेली पावलं

रोज दुपारी चार वाजता कागद बदलायचा, एवढंच माझं काम. एक नळकांडं सावकाश फिरत असतं, त्याभोवती पांढरा कागद गुंडाळलेला, आणि त्यावर शाईची बारीक सुई रात्रंदिवस रेघ ओढत असते. चार वाजले की सुई उचलायची, जुना कागद सोडवायचा, नवा गुंडाळायचा, कोपऱ्यात तारीख घालून सही करायची. व्रतासारखंच आहे ते. वेळ चुकवायची नाही, खाडा करायचा नाही. म्हणून तर वेधशाळेच्या साहेबांनी ते माझ्या गळ्यात घातलं. आमचं घर कातळावर उभं आहे. पुढच्या खोलीखालच्या तळघरात, थेट कातळावर, त्यांनी एक जड डबा बसवला. जमीन हलली की डब्याला कळतं, आणि वर जिन्याखालच्या कोनाड्यात सुई थरथरते.

पण डब्याला भूकंप काय आणि माणूस काय, सारखंच. घरात कुणी चाललं तरी रेघेला दाते पडतात. त्यासाठी साहेबांनी वही दिली होती. दाते दिसले की भिंग लावून पाहायचं आणि वहीत लिहायचं: पावलं, किती वाजता, कुणाची. वर्षभरात मला चालणं वाचता यायला लागलं. ह्यांची पावलं लांब आणि एकसारखी, शिवणीचे टाके घालावेत तशी. सासूबाईंची घसटती. डॉक्टरांनी साखर बंद केलेली, तरी दुपारी घर निजलं की त्या साखरेच्या डब्यापाशी जायच्या, आणि तेही कागदावर उमटायचं.

"मेली चुगलखोर आहे तुझी सुई," त्या म्हणायच्या. "देवाला कळत नाही ते हिला कळतं."

"देवाला कळतं हो आई. तो लिहून ठेवत नाही, एवढंच."

हे खतांच्या कारखान्यात होते. कारखाना टेकडीपलीकडे, सहा किलोमीटरवर. सकाळची पाळी करून साडेतीनला घरी यायचे.

त्या दिवशी सकाळी अकराला मी सुईत शाई भरत होते. सुईनं एक लहानशी उडी मारली. मी सवयीनं वही ओढली आणि लिहिलं, "भांडं पडलं, सासूबाई." मग हाक मारली, "आई, काय पाडलंत?"

"मी जागची हललेसुद्धा नाही गं!"

कुठंतरी लांब दार आपटावं तसा आवाज झाला. मी लिहिलेलं खोडू का ठेवू, अशा विचारात होते, आणि तेवढ्यात सुई जी वर गेली ती कागदाच्या पार कडेला. शाईचे शिंतोडे माझ्या तोंडावर उडाले. सुई वेड्यासारखी खालीवर होत होती, आणि घरात मात्र कसलाच आवाज नव्हता. तांब्यातलं पाणी थरथरत होतं. खिडकीबाहेर एक मांजर पाय चाटत बसलं होतं. मी शाईचं बोट तसंच धरून उभी राहिले. जमिनीला कळलं होतं. आवाज अजून वाटेत होता.

सतरा-अठरा सेकंद तरी गेले असतील. मग आवाज आला, आणि खिडक्यांच्या काचा आत आल्या.

संध्याकाळपर्यंत टेकडीमागं आभाळ पिवळं होतं आणि सगळ्या गल्लीला जळक्या रबराचा वास येत होता. वाचलेल्यांची यादी लागली, गेलेल्यांची लागली. हे दोन्हींत नव्हते. मी देवासमोर दिवा लावला आणि संकल्प सोडला: हे आपल्या पायांनी घराचा उंबरठा ओलांडून आत येतील, तोवर दाराला कडी लावणार नाही. दिवसा नाही, रात्री नाही. शब्द मी नीट मोजून घेतले होते. देवाशी बोलताना मोघम बोलू नये, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी वेधशाळेचे साहेब कागद न्यायला आले. तो मेजावर पसरून बराच वेळ पाहत राहिले.

"हा भूकंप नव्हे, वहिनी. भूकंप कुठं जमीन ढकलतो, कुठं ओढतो. स्फोट सगळीकडे बाहेरच ढकलतो. आमच्या पाचही ठाण्यांवर सुया पहिल्यांदा वरच गेल्यात." मग त्यांनी माझं खोडलेलं अक्षर पाहिलं. "आणि हे भांडं?"

माझा चेहरा पडला. "चुकलं माझं."

"चुकलं नाही, सापडलं. कारखानावाले म्हणतात, एकच स्फोट झाला, कुणाला काही करायला वेळच नव्हता. पण आधी एक लहान झालाय. मध्ये चाळीस सेकंद आहेत."

साहेब गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चाळीस सेकंदांत माणूस किती लांब जातो गं?"

मी पदर खोचला आणि फाटकापासून गल्लीत धावत सुटले. मागं त्या फाटकाला धरून मोठ्यानं आकडे म्हणत होत्या. लोक बघत होते, बघोत. चाळीस आले तेव्हा मी विजेच्या सहाव्या खांबाला टेकून धापा टाकत होते.

"सहा," मी परत येऊन म्हणाले.

"तू जाडी आहेस," त्या म्हणाल्या. "तो आठवा तरी गाठेल."

तिसऱ्या दिवशी साडेतीनला रेघेला दाते पडले.

मी भिंग लावलं. एक पाऊल जड, एक हलकं. मध्ये मोठी फट. पुन्हा जड, पुन्हा हलकं. सासूबाई माझ्याशेजारीच बसल्या होत्या, पाय वर घेऊन. मी दारात गेले. फाटक बंद, गल्ली रिकामी. परत आले तर दाते आणखी मोठे झालेले. म्हणजे कुणीतरी जवळ येत होतं... मग ते थांबले. रेघ सरळ झाली.

चौथ्या दिवशीही तसंच, साडेतीनला. दाते अंगणातल्या नळापर्यंत आल्याइतके मोठे. पाचव्या दिवशी पायरीपर्यंत.

"हेच आहेत," मी म्हणाले. "पायाला लागलं असेल, म्हणून असं लंगडत..."

"माझ्या पोरानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी समोर बसले होते," सासूबाई हळूच म्हणाल्या. "हे त्याचं चालणं नव्हे. लिहू नकोस ते."

पण लिहायचं, हा नियम होता. आणि आशा मोठी लोचट असते हो, तिला हाकललं तरी ती जात नाही. मी वहीत लिहिलं, "पावलं, साडेतीन, घरचे." एवढ्यावर थांबले नाही. उघड्या दारात जाऊन रिकाम्या पायरीला म्हणाले, "या ना आत. दार उघडंच आहे."

सहाव्या दिवशी सकाळी निरोप आला. शेजारच्या शहरातल्या इस्पितळात एक माणूस होता, दोन्ही पाय भाजलेले, कानांचे पडदे फाटलेले, शुद्ध नाही म्हणून नाव नाही. आदल्या रात्री शुद्धीवर आला आणि त्यानं आधी आईचं नाव सांगितलं, मग माझं. सासूबाईंनी तेवढ्यातही मला ऐकवलं, "बघ. आधी माझं."

दोन दिवसांनी ह्यांना घरी आणलं. चौघांनी स्ट्रेचर उचलून उंबरठ्यावरून आत घेतलं आणि पुढच्या खोलीतल्या पलंगावर ठेवलं. मी रडले, हसले, पुन्हा रडले. ह्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून पाटीवर लिहून दाखवलं, "घरी आलात."

साडेतीनला मी कोनाड्यापाशी गेले नव्हते. सासूबाई गेल्या होत्या. तिथूनच त्यांनी मला खूण केली. तोंडाला पदर लावलेला.

जड. हलकं. जड. हलकं.

हे तर पलंगावर होते. गुडघ्यापासून खाली पट्ट्या.

मी पाटीवर लिहिलं, "कारखान्यात कोण लंगडत चालायचं?"

ह्यांनी वाचलं आणि डोळे मिटून घेतले. मग मोठ्यानं बोलायला लागले. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही.

"डुलक्या. भोंग्यावरचा. एक पाय आखूड, डुलत चालतो म्हणून सगळे डुलक्या म्हणायचे... त्याला घर नाही, कुणी नाही. पहिला दणका झाला, तेव्हा मी त्याच्याजवळ होतो. ओढायला लागलो त्याला. म्हणाला, तू पळ, मला कुठलं पळायला जमतंय. भोंगा देतो आणि येतो मागनं. मी म्हटलं, कुठं येशील? म्हणाला, तुझ्याच घरी येतो की... एकदाही बोलावलं नाहीस."

ते थांबले. "मी धावता धावता ओरडलो, ये म्हणून. त्याचा भोंगा वाजतच होता."

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "कडी लाव. तो न्यायला आलाय माझ्या पोराला. सोबतीला न्यायला आलाय."

"आई, मला लावता येत नाही."

"तुझा नवरा आला ना घरी? फिटलं तुझं व्रत!"

"आपल्या पायांनी, असं म्हटलंय मी. ह्यांना उचलून आणलं. ह्यांचे पाय उंबरठ्याला लागले नाहीत."

"आग लागो तुझ्या मोजूनमापून बोलण्याला," त्या म्हणाल्या, आणि पलंगाच्या उशाशी जाऊन बसल्या, लेकाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोनाड्यापाशी उभी होते. दार सताड उघडं. बाहेर लख्ख ऊन, फाटकावर एक कावळा. हात असा वळवळत होता कडीसाठी, की मी तो पदरात गुंडाळून ठेवला. ज्या देवानं माणूस परत दिला, त्याला दिलेला शब्द मोडला आणि त्यानं माणूस परत मागितला तर? आणि शब्द पाळला, आणि आत येणाऱ्यानंच मागितला तर? दोन्हीकडून ह्यांचाच जीव टांगणीला.

साडेतीन. फाटक. नळ. पायरी. तिथं सुई जरा थांबली, दारात माणूस घुटमळतो तशी. मग दाते मोठे झाले. आत. मी मोजत होते. एकोणीस, वीस, एकवीस... फरशीवर काही दिसत नव्हतं. जळक्या रबराचा वास तेवढा आला, अगदी पुसट. पंचविसाव्या पावलाला सुई स्थिर झाली.

पलंग फाटकापासून तेवढाच लांब आहे.

हे तापाच्या झोपेत होते. झोपेतच त्यांनी कण्हत अंग उचललं, भिंतीकडची जागा सोडून कडेला सरकले, आणि पांघरूण अर्धं उलगडून रिकाम्या बाजूवर टाकलं. सासूबाईंच्या हातातला हात सुटला होता, तो त्या पांघरुणावर थोपटत राहिला. दोनदा, तीनदा. मग शांत.

आम्ही दोघी हललो नाही. ह्यांचा श्वास मोजत संध्याकाळ केली. श्वास चालूच होता.

त्या दिवसापासून ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, जखमा भरताहेत, नशीब थोर. दोन महिन्यांनी हे काठी धरून अंगणात गेले आणि आपल्या पायांनी उंबरठा ओलांडून परत आले. मी ती रेघ भिंगाखाली पाहिली. लांब, एकसारखी पावलं, टाके घातल्यासारखी. ती ह्यांचीच आहेत, हे सासूबाईंनीही मान्य केलं. मी देवापुढं डोकं टेकलं आणि त्या रात्री दाराला कडी लावली.

आता सगळं ठीक आहे. वेधशाळेचा कागद कारखान्याच्या चौकशीत पुरावा म्हणून लागला, ते चाळीस सेकंद सगळ्यांना कबूल करावे लागले. मी अजून रोज चारला कागद बदलते. हे अजून पलंगाच्या कडेलाच झोपतात. भिंतीकडच्या बाजूची चादर मी रोज सकाळी झटकते, ती चुरगळलेली असते. दिवा लावताना त्यालाही सुखी ठेव म्हणते, पाहुणाच तो.

फक्त एक आहे. तो आत आला त्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद मी भिंग लावून पाहिला आहे, एकही सोडलेला नाही. आत आलेली पावलं पंचवीस. बाहेर गेलेलं अजून एकही नाही.