धाकटीचा डावा हात

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. माझ्या मावशीला त्याचं काडीचंही वाटत नाही. तिच्या तोंडून मी हे चार वेळा ऐकलंय. चारही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही.

मावशी एकतीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होती. शेवटची बारा वर्षं वॉर्डची मुख्य सिस्टर. भुताखेतांचा विषय निघाला की ती हसायची. "एवढी माणसं माझ्या डोळ्यांदेखत गेली. एकानेही परत येऊन साधं पाणी मागितलं नाही!"

म्हणून तर मला जास्त भीती वाटते.

तिची बहीण म्हणजे माझी धाकटी मावशी. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. तिच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. तब्येत ठणठणीत. पण घरच्यांनी तिला पार काचेचं भांडं करून ठेवलं होतं.

जिना चढू नको. उन्हात जाऊ नको. एवढ्या जोरात हसू नको.

एक दिवस मावशीचं डोकं फिरलं. तिने सरळ विमानाची दोन तिकिटं काढली.

"परमुलखात काही झालं म्हणजे?" धाकटीच्या यजमानांनी विचारलं.

"आणि घरात बसून काही होत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

झालं. दोघी निघाल्या. समुद्रापलीकडे, बारा महिने उकाडा आणि पाऊस असलेल्या देशात.

प्रवासाचा तिसरा दिवस. शनिवार.

तिथे एक प्राणिसंग्रहालय आहे. ते उघडतंच मुळी दिवस मावळल्यावर. पिंजरे नाहीत. नुसती झाडी, खंदक आणि चांदण्यासारखे मिणमिणते दिवे. उघड्या गाडीतून चक्कर मारायची आणि मग हवं तर फळ्यांच्या वाटेने पायी फिरायचं.

गाडीतली चक्कर मजेत झाली. हरणं दिसली. रानडुकरं दिसली. एक अस्वल पाठ करून बसलं होतं. "तुझ्या नवऱ्यासारखंच रुसलंय," मावशी म्हणाली आणि धाकटी पोट धरधरून हसली.

मग दोघी पायवाटेला लागल्या.

पहिल्याच वळणावर बिबट्या होता. मध्ये फक्त एक जाड काच. तो काचेला टेकून आरामात पडला होता. चार-पाच माणसं फोटो काढत होती, पण त्याला ढिम्म फरक पडत नव्हता.

धाकटी काचेजवळ गेली.

बिबट्याने मान उचलली...

तो धाकटीकडे बघत नव्हता. तिच्या डावीकडे बघत होता. तिथे कुणीच नव्हतं.

त्याचे कान मागे पडले. शेपूट पायांत गेली. आणि तो उलट्या पावली, नजर न हलवता, झाडीत दिसेनासा झाला.

"काय केलंस गं त्याला?"

"मी कुठे काय केलं?"

धाकटी हसत होती. पण मावशीचं लक्ष तिच्या डाव्या हाताकडे गेलं. तो अंगापासून जरा लांब होता. बोटं मिटलेली. जड पिशवी धरल्यासारखी...

पिशवी तर उजव्या खांद्याला होती.

हात अवघडला असेल, असं मावशीला वाटलं.

पुढे गर्दी संपली. गुडघ्याएवढ्या उंचीचे दिवे, दोन्ही बाजूंना ओली झाडी. रातकिडे एवढे किरकिरत होते की बोलायला आवाज चढवावा लागत होता. धाकटी दोन पावलं पुढे. मावशी मागे. पायाखालच्या फळ्या कुरकुरत होत्या.

आणि एकदम रातकिडे थांबले.

सगळे. एकाच वेळी.

वॉर्डात मशीनची टिकटिक बंद पडली की सिस्टरचे कान टवकारतात. तसंच मावशीचं झालं. ती ऐकू लागली.

आता फक्त फळ्यांचा आवाज होता...

कुरर्... पाऊल. कुरर्... पाऊल.

धाकटीचं पाऊल पडायच्या आधीच पुढची फळी कुरकुरत होती.

"धाकटे, थांब."

ती थांबली नाही.

"अगं, थांब म्हणते ना!"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. तिचा डावा हात आता पुढे ताणला गेला होता. सरळ. लहान मुलाला कुणी ओढत न्यावं, तसा.

वाटेच्या कडेला कर्मचाऱ्यांसाठी एक छोटं फाटक होतं. ते उघडं होतं. पलीकडे चार हात उतार आणि खाली खंदक. खंदकातलं पाणी दिसत नव्हतं, नुसता वास येत होता.

धाकटी फाटकाकडे वळली.

मावशी धावली. गुडघेदुखी, वय, सगळं विसरून धावली. एका हाताने फाटकाचा खांब पकडला, दुसऱ्याने धाकटीचा डावा हात.

आणि तिच्या लक्षात आलं...

आपल्या मुठीत एक हात नाहीये.

दोन आहेत.

एक धाकटीचा. गरम, घामेजलेला. आणि त्याला धरून असलेला दुसरा. गार. ओलसर. दिसत काहीच नव्हतं.

दुसरं कुणी असतं तर किंचाळून बेशुद्ध पडलं असतं. पण एकतीस वर्षांची सवय. मावशीची बोटं आपोआप सरकली आणि त्या गार मनगटावर टेकली.

नाडी नव्हती.

"तेव्हा भीती वाटली का गं?" मी तिला एकदा विचारलं होतं.

"भीती नंतर वाटली. आधी राग आला. मेल्याने न विचारता माझ्या बहिणीला हात लावला होता!"

मावशीने खांब सोडला. दोन्ही हात लावले. आणि ती बोटं एकेक करून उकलायला लागली. मरणाच्या दारातली माणसं नर्सचा पदर अशीच घट्ट धरतात. ती बोटं कशी सोडवायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. करंगळीपासून सुरुवात करायची. घाई करायची नाही.

आणि बोलत राहायचं.

"हे बघ," वॉर्डातल्या त्या ठेवणीतल्या आवाजात ती म्हणाली. "तू कोण, कुठला, मला ठाऊक नाही. ऐकायचंही नाही. ही माझी पेशंट आहे. भेटायची वेळ संपली. नीघ."

करंगळी सुटली. मग तिच्याशेजारचं बोट.

मधलं बोट सुटेना. उलट हिसका बसला. धाकटीचा पाय उतारावरून घसरला.

"सोड म्हणते ना!" मावशी कडाडली. "चौदा महिने मी हिला जपलंय! माझ्यासमोर तुझा काय पाड लागणार? सोड!"

आणि हात सुटला.

दोघी फळ्यांवर आपटल्या. क्षणभर काहीच नाही... मग रातकिडे पुन्हा किरकिरू लागले. जणू काही झालंच नव्हतं.

धाकटी मावशीकडे बघत राहिली. मग लहान मुलासारखी रडली.

हॉटेलवर आल्यावर मावशीने तिचा हात दिव्याखाली धरला. कातडीवर चार बोटांचे खळगे होते. पायाला सूज आली की दाबल्यावर पडतात ना, तसे. सकाळपर्यंत भरून आले नाहीत.

"कधीपासून आहे हे?" मावशीने सकाळी विचारलं.

धाकटीने खळग्यांवरून अंगठा फिरवला.

"ऑपरेशनच्या रात्रीपासून. तुम्हा कुणाला आत सोडत नव्हते. मला वाटलं, नर्सनेच हात धरलाय. सकाळी कळलं, खोलीत कुणीच नव्हतं."

"आणि हे तू आज सांगतेस?"

"सांगितलं असतं तर सगळ्यांनी मला आणखी कोंडलं असतं. त्रास काही नव्हता गं, ताई. नुसतं धरायचं. काल पहिल्यांदाच ओढलं."

मावशीने पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. "घरी जायचं का? तिकीट बदलून मिळेल."

धाकटीने डोळे पुसले. "अजून चार दिवस आहेत ना आपले?"

चारही दिवस त्या राहिल्या. धाकटी एका दीपगृहाच्या पावणेदोनशे पायऱ्या चढली. वर जाऊन तिने नवऱ्याला फोटो पाठवला.

याला आता तीन वर्षं झाली. धाकटीला पुन्हा काहीही जाणवलं नाही. ती पोहायलाही शिकली.

इथेच संपवलं असतं. पण गेल्या मे महिन्यात मी मावशीकडे गेले होते. धाकटीही आली होती. दुपारचे तीन, लख्ख ऊन. जेवून दोघी आडव्या झाल्या होत्या. मी चार्जर घ्यायला त्यांच्या खोलीत गेले.

धाकटी खिडकीपाशी गाढ झोपली होती. दोन्ही हात गालाखाली.

मावशी दाराजवळच्या पलंगावर. तिचा उजवा हात कडेवरून खाली लोंबत होता. मूठ घट्ट मिटलेली.

हाताला मुंग्या येतील म्हणून मी तो उचलायला गेले...

उचलला गेला नाही. पोतं बांधल्यासारखा जड होता.

"राहू दे," मावशी म्हणाली. डोळे न उघडता. "मी धरलंय."

"काय धरलंयस, मावशी?"

तिने मूठ आणखी आवळली. "धाकटीला सांगू नकोस." पलीकडे धाकटी शांत घोरत होती. मी चार्जर न घेताच बाहेर आले.

गेल्या आठवड्यात धीर करून फोनवर विचारलं, "हात कसा आहे आता?"

"दुखतो," मावशी म्हणाली. "दुखू दे. पण मी काही सोडायची नाही."