मुरुमातला लव्हाळा

“नोझल मी लपवतो, तुम्ही खणायला घ्या,” असं म्हणून वेदिकाचा मामेभाऊ समाधान फवारणीच्या पंपाकडे पळालासुद्धा. तिने कुदळ उचलली. नाशकात द्वारका चौकाजवळ राहणाऱ्या मुलीने कुदळ चालवायची म्हणजे जरा गंमतच, पण मागे हटायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

कारणही तसंच होतं. सुट्टीत ती हरसूलजवळ मामाकडे आली, त्याच आठवड्यात बयाआजीचा झिरा आटला. शेताच्या कडेचा हा लहानसा खड्डा. त्यात झिरपणाऱ्या पाण्यावर आजीची वांग्याची रोपं जगायची. आता त्यांनी माना टाकल्या होत्या. “मे महिना हाय, आटणारच,” म्हणून सावळीराममामा मोकळे झाले.

वेदिकाला ते पटेना. झिऱ्याच्या वरच्या अंगाला दलदलीत ट्रॅक्टर रुतायचा, म्हणून मामांनी नुकताच तिथे मुरुम दाबून रस्ता केला होता. सगळं रान पिवळं पडलेलं, आणि त्या मुरुमातून मात्र हिरवी पाती वर आलेली! समाधानची बहीण सुवर्णा म्हणाली, गवत असेल, दुसरं काय. वेदिकाने एक काडी बोटांत धरून फिरवली, तर ती गोल फिरेना. तिला चक्क तीन कडा होत्या.

आजीने काडी लगेच ओळखली. “लव्हाळा हाय तो. मेल्याच्या गाठी उपटता उपटता माझा जलम गेला. पण खाली ओल असल्याबिगर तो उन्हाळ्यात हिरवा राहायचा नाय.”

म्हणजे पाणी आटलं नव्हतं, मुरुमाखाली कोंडलं होतं. आणि मामा तर त्याच दुपारी तिथे तणनाशक मारणार होते! लव्हाळा जळाला की पाण्याची खूणच पुसली जाणार.

मामा नोझल शोधत घरभर फिरले, तोवर तिघांनी लव्हाळ्याच्या रांगेलगत चर खणला. वेदिकाच्या तळहातांना फोड आले. हातभर खाली माती काळी झाली, सुवासिक गाठींची माळ वर आली आणि पाठोपाठ पाणी. ते चरातून सरळ झिऱ्याकडे निघालं.

मामा तणतणत आले आणि बघतच राहिले.

“पाण्याचं तोंड मीच बुजवलं की,” ते म्हणाले. “रस्ता उद्या पलीकडून काढतो. वेदे, शहरातली पोर तू, पण तुला रान कळलं.”

समाधानने खिशातून नोझल काढून दिलं. मामांनी त्याचा कान पकडला, पण हलकेच.

संध्याकाळी रोपांना पाणी घालून आजी चराकाठी टेकली. जन्माची सवय, खुरपं आपसूक लव्हाळ्याकडे गेलं. मग तिने ते कमरेला खोचलं.

“ऱ्हा बाबा,” ती म्हणाली. “आता तूच राखणदार.”